तासाला न दिलेलं उत्तर

मे महिना लागला की आमच्या धंतोलीतल्या घरी कूलरच्या टाकीत पाणी भरायचं काम माझ्याकडे असतं. बाहेर ४५ अंश आणि आत ओल्या ताट्यांतून येणारा गारवा! परवा पाणी भरताना एक जुनी गोष्ट आठवली. सांगूनच टाकते.

मी मराठीची बाई, बी.ए. झालेली. पण ऐंशीच्या दशकात विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या की त्यांचा तास माझ्या गळ्यात पडायचा. एकदा धडा वाचून दाखवत होते. पाणी १०० अंशांना उकळू लागलं की तापमान वाढत नाही, दिलेली उष्णता वाफ होण्यात खर्च होते, वगैरे. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला.

"बाई, खर्च होते म्हणजे नक्की कशात? आणि सगळ्या द्रवांना सारखीच लागते का?"

मला येत नव्हतं. ते कबूल करायचं सोडून मी म्हटलं, "पुस्तकात आहे तेवढं लिही." वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर त्याने माझ्या तासाला हात वर केला नाही. मराठीच्याही नाही.

उत्तर मिळालं ते आता, बी.एस्सी. करणाऱ्या नातीकडून. म्हणाली, "आजी, द्रवातले रेणू एकमेकांना धरून असतात. ती पकड सोडवण्यात उष्णता खर्च होते. पकड घट्ट असली की उष्णता जास्त लागते आणि उत्कलनबिंदूही वर जातो. म्हणून त्या उष्णतेला केल्विनमधल्या उत्कलनबिंदूने भागलं, तर बऱ्याच द्रवांचं उत्तर जवळपास सारखंच येतं, एका मोलला ८५ ते ८८ ज्यूल प्रति केल्विन. १८८४ मधला ट्राऊटनचा नियम आहे हा. या भागाकाराला बाष्पीभवनाची एन्ट्रॉपी म्हणतात. पसारा किती वाढला, त्याचं माप." बेंझीनचं उत्तर ८७ येतं. पाण्याचं मात्र १०९!

असं का, ते मला माझ्या शाळेच्या भाषेत समजलं. मैदानावर आधीच पांगलेली मुलं घंटा होताच घरी पळाली, तर गोंधळ थोडाच वाढतो. पण हात धरून रांगेत उभी असलेली मुलं एकदम सुटली, तर केवढा फरक पडतो! पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधाने असेच हात धरून असतात. शुद्ध अ‍ॅसिटिक आम्लाची तऱ्हा उलटी. त्याचे बरेच रेणू वाफ झाल्यावरही जोडीजोडीने फिरतात, म्हणून त्याचं उत्तर ६०-६२ च्या आसपासच राहतं.

कूलरमधलं लिटरभर पाणी उडताना जवळपास २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. ती पकड घट्ट आहे म्हणून आमची दुपार सुसह्य होते.

तो मुलगा आता पन्नाशीच्या पुढे असेल. बाळा, तुझे दोन्ही प्रश्न बरोबर होते. मला येत नव्हतं, एवढंच सांगायला मला चाळीस वर्षं लागली.