३०० सेकंदांची यादी

संपादकांची अट होती, 'आजीलाही कळेल असं लिहा.' प्रयत्न करतो; पण आमच्या धंद्यात आकड्यांशिवाय पान हलत नाही.

पेण-रोहा पट्ट्यात मी नेटवर्कची कामं करतो. पेणला गणपतीच्या कारखान्यांतले बिलिंगचे संगणक, रोह्याला धाटाव एमआयडीसीतल्या रासायनिक कंपन्या. तक्रार सगळीकडे एकच: 'नेट स्लो आहे, राउटर बदला.' रॅकमधल्या स्विचकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा मॅक ॲड्रेस असतो. फ्रेम आली की स्विच पाठवणाऱ्याचा ॲड्रेस वाचतो आणि 'हा पोर्ट ७ वर' असं टेबलात टिपतो. पुढे त्याच्यासाठी काही आलं की फक्त सातवर देतो. सहसा ३०० सेकंद तो गप्प राहिला की नोंद पुसतो. नोंद नसेल तर फ्रेम त्या व्हीलॅनच्या, म्हणजे पोर्टांच्या त्या गटाच्या, बाकी सगळ्या पोर्टांवर ओततो.

धाटावच्या एका कंपनीत गेल्या पावसाळ्यात हेच चाललं होतं. जुने कॅमेरे यूडीपीने एकतर्फी चित्र ढकलायचे आणि रेकॉर्डर पोचसुद्धा देत नव्हता. मॅक टेबलातून तो पाच मिनिटांत पुसला जाई. लेअर-थ्री स्विचच्या एआरपी टेबलात, म्हणजे कुठल्या आयपीचा कुठला मॅक या यादीत, मात्र त्याची नोंद चार तास राही. म्हणजे माणसाचं नाव ठाऊक, घर ठाऊक नाही. मग कॅमेऱ्यांचा सगळा लोंढा वजनकाट्याच्या संगणकापर्यंत. रॅक उघडला तर सगळ्या पोर्टांचे हिरवे दिवे एकाच तालात लुकलुकत होते. एआरपीची मुदत मॅकच्या मुदतीखाली आणली. आता नोंद ताजी करण्यासाठी रेकॉर्डरला वेळोवेळी हाक जाते, तो उत्तर देतो आणि स्विचला पोर्ट पुन्हा कळतो.

तिथले साहेब म्हणाले, 'त्यापेक्षा टेबल हातानेच कायमचं भरून टाका. सिक्युरिटीपण होईल.' इथे माझं डोकं सटकतं. स्विच ॲड्रेसची शहानिशा करत नाही, समोरचा सांगेल ते खरं मानतो. लॅपटॉपचा मॅक कुणीही दोन मिनिटांत बदलू शकतो. अँड्रॉइड १० पासून तर फोन वाय-फायवर आपणहून बदललेला ॲड्रेस दाखवतात. हाताने भरलेलं टेबल चोराला अडवत नाही, नव्या प्रिंटरला अडवतं. मग शनिवारी संध्याकाळी मला फोन! ओळख तपासायचीच असेल तर ८०२.१एक्स लावा, असं मी ठणकावून सांगतो. पण प्लँटमधल्या कित्येक जुन्या यंत्रांना ते जमत नाही. तिथे मीही निमूटपणे मॅक पोर्टला चिकटवतो. त्याला सिक्युरिटी म्हणताना मात्र जीभ अडखळते.

बिल दिल्यावर अकाउंट्समधून विचारणा झाली, 'नवीन काय बसवलं?' काहीच नाही. एआरपीच्या १४४०० सेकंदांचे २४० केले. त्या २४० चे पैसे अजून यायचेत. राउटर गळ्यात मारला असता तर चेक त्याच आठवड्यात निघाला असता.