दोन्ही बाजूंचा रस्ता

आमच्या समाजात नवरा-बायको मोटारसायकलवर बसून गावाबाहेर निघाले, की पाहणाऱ्याला काही विचारावे लागत नाही. सकाळी निघाले तर दवाखाना, घाईने निघाले तर मयत, नवे कपडे असले तर शादी आणि पिशवीत चादर असली तर उर्स. या चार कारणांपलीकडे आमच्या गाडीची मागची सीट तीस वर्षांत गेली नव्हती. म्हणून 2023 च्या जानेवारीत "आम्ही फिरायला चाललो" असे मी सांगितले, तेव्हा मोहल्ल्यात कुणाला ते खरे वाटले नाही.

बेत साधा होता. धाकट्या मुलीची शादी होऊन गेली होती. हे एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून. एका रात्री जेवताना हे म्हणाले, "काश्मीर-गिश्मीर नै होता अपने से. चलो, अपना जिल्हाच देख लेते." जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्याचे तालुके आणि परभणीचे परतूर जोडून तो बनला. आज जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे आठ तालुके आहेत. ही नावे मी मुलांकडून वर्षानुवर्षे पाठ करून घेतली, पण त्यांतले चार तालुके स्वतः पाहिलेले नव्हते. आठही तालुके तीन दिवसांत, जुन्या स्प्लेंडरवर, शक्यतो आडरस्त्यांनी पाहायचे असे ठरले.

पहिला सवाल माझ्या जेठानीचा. "काम क्या है?"

"कुछ नै भाभी, ऐसाच."

"ऐसाच कैसा?"

याचे उत्तर मला देता आले नाही. दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. म्हणाला, "आपा, दिवस बरे नाहीत. बुरखा घालून अनोळखी गावांतून फिरायची काय गरज आहे?" भाऊ काही खोटे बोलत नव्हता. वर्तमानपत्र आम्हीही वाचतो. पण दिवस बरे येईपर्यंत थांबायचे म्हटले, तर आमच्या दोघांच्या वयाचा हिशेबही करायला हवा होता.

ह्यांनी मशिदीतल्या मौलानांना विचारले, सफरीत नमाज कसर करायची का? सफरीत चार रकातींची फर्ज नमाज दोन रकात होते, हे आपल्याला माहीत आहे. मौलानांनी आधी अंतर विचारले. आमच्याकडे बहुतेक लोक हनफी. हनफी हिशेबाने अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे साधारण 78 किलोमीटर दूर जाण्याची निय्यत हवी. आमची फेरी साडेचारशे किलोमीटरच्या घरातली, पण जालन्यापासून इतके दूर आम्ही कुठेच जाणार नव्हतो. मौलाना म्हणाले, "फिर पूरी पढो." हे हसतच घरी आले. एवढे फिरूनही आम्ही मुसाफिर ठरणार नव्हतो! मला मात्र वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. मौलानांनी किती लांब जाता ते विचारले, कशासाठी जाता ते विचारले नाही. शाफई मसलकात सफर गुनाहच्या कामाची नसावी अशी अट आहे. हनफी फिकहमध्ये सवलतीसाठी तेही पाहत नाहीत. शरियतने जो सवाल केला नाही, तो सगळ्या मोहल्ल्याने केला.

मग प्रश्न आला बसण्याचा. तीस वर्षे मी एका बाजूला बसत आले. दोन्ही पाय डावीकडे, एक हात ह्यांच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात पिशवी. गाडीच्या मागच्या चाकाशी साडीगार्ड असते ना, ते उगीच नसते. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच तशी तरतूद आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून किमान निम्मे चाक झाकलेले हवे. पदर, ओढणी किंवा बुरख्याचा घेर चाकात जाऊन पडलेली एखादी तरी बाई प्रत्येक मोहल्ल्याला माहीत असते. हे वर्कशॉपचे माणूस. म्हणाले, "लंबा रस्ता है, खड्डे हैं. दोनों बाजू पाँव डाल के बैठो, वजन बराबर रहता." मी सलवार-कमीजवर कमी घेराचा बुरखा शिवून घेतला. स्कार्फवर हेल्मेट घातले. गल्लीतून मात्र नेहमीसारखी एका बाजूलाच बसून निघाले. राजूर चौफुली मागे पडल्यावर गाडी थांबवली आणि बसणे बदलले.

राजूरच्या रस्त्याने मी यापूर्वी चार-पाच वेळा गेले असेन. जाताना मला डावीकडचे दिसायचे, येताना दुसऱ्या बाजूचे. दोन्ही मिळून एकच रस्ता आहे, हे डोक्यात कधी जुळलेच नव्हते. त्या सकाळी एका अंगाला हुरड्यात आलेली ज्वारी होती, दुसऱ्या अंगाला हरभरा आणि मधून मधून कापणीला आलेली तूर. मान वळवून इकडे पाहावे, तिकडे पाहावे. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, पण लहान मुलीसारखे करत होते.

भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन, केळणा नदीकाठचे सातवाहनांच्या काळातले व्यापाराचे गाव. तिथून पुढे आम्ही असईला गेलो. 23 सप्टेंबर 1803 रोजी इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. हाच पुढे वॉटर्लूचा वेलिंग्टन. त्याला केळणा ओलांडायची होती आणि वाटाडे म्हणत होते की इथे उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिले, तर नदीच्या दोन काठांना दोन गावे समोरासमोर होती. तेव्हा त्याने ताडले की गावे अशी जवळ असतील तर माणसे येत-जात असणार आणि मध्ये उतार असणारच. तो निघालाच. लढाईत हजारो माणसे मेली, त्यात कौतुक करण्यासारखे काही नाही. पण नदीकाठी उभी असताना मला त्या उताराचेच वाटत राहिले. कुणाची लेक पलीकडे दिलेली, कुणाचे शेत पलीकडे. लोकांच्या पायांनी ती वाट पडली आणि फौज तिच्यावरून गेली.

त्या रात्री जाफराबादला मावसबहिणीकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी मंठ्याकडे येताना समृद्धी महामार्ग आडवा आला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी, म्हणजे महिनाभरापूर्वीच सुरू झाला होता. त्या रस्त्यावर दुचाकीला मनाई आहे. वरून गाड्या सूं-सूं जात होत्या. आम्ही खालच्या बोगद्यातून, एका बैलगाडीच्या मागे मागे, पलीकडे निघालो.

पुढे एका शेताच्या बांधावर पाण्यासाठी थांबलो. तूर कापणाऱ्या बायका भाकरी खात बसल्या होत्या. एकीने विचारले, "दवाखान्यात निघालात का?"

"नाही मावशी, सहज फिरायला."

त्या एकमेकींकडे पाहून हसल्या. मग त्यांतली म्हातारी म्हणाली, "म्या तीनदा बसले मालकाच्या गाडीवर. दोनदा बाळंतपणाला अन् एकदा सासू गेली तव्हा." तिने कांदा फोडून आमच्या हातावर भाकरी ठेवली. आपल्या समाजातल्या बायकांनाच हा जाच आहे, असे मी समजत होते. त्या बांधावर तो समज गेला.

सगळीकडे अशीच माणसे भेटली, असे म्हटले तर ते खरे होणार नाही. एका चहाच्या टपरीवर दोन पोरांनी ह्यांचे नाव विचारले, पुन्हा विचारले आणि गाडीच्या नंबरचा फोटो काढला. टपरीवाला म्हणाला, "पाहुणे, तुम्ही चहा घ्या." आम्ही अर्धा चहा पिऊन निघालो. पुढचे दहा किलोमीटर मी सारखी मागे वळून पाहत होते आणि दोघेही बोललो नाही. रस्ता तेवढाच सुंदर होता, पण दिसत नव्हता. घरी परतल्यावर भावाला मी हेही सांगितले आणि बांधावरची भाकरीही सांगितली.

परतूरला मुक्काम करून तिसऱ्या दिवशी घनसावंगीमार्गे अंबडकडे वळलो. हा जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा मुलूख. कालव्याच्या पाण्याने वजू करून काठावर जोहरची नमाज अदा केली. पूर्ण चार रकाती. जवळच मोसंबीची बाग होती. 2012-13 च्या दुष्काळात या भागातल्या बागा उभ्या वाळल्या आणि लोकांनी झाडे तोडून सरपण केले. त्या वर्षी माझ्या वर्गातली कितीतरी मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली ती परत शाळेत आली नाहीत. 2016 मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले. बागवान म्हणाला, ही झाडे दुष्काळानंतर लावलेली. त्याने पिशवीभर मोसंबी दिली आणि पैसे घेतले नाहीत. शहागडला गोदावरी पाहिली आणि बदनापूरकडून रात्री घरी आलो.

आपल्या सभा-संमेलनांत स्त्रीच्या तालीमवर, तलाकवर, हक्कांवर पुष्कळ बोलले जाते, आणि ते बोललेच पाहिजे. त्याच यादीत एक लहान गोष्ट मी घालू इच्छिते. घरातली बाई गेल्या दहा वर्षांत कारणाशिवाय गावाबाहेर कितीदा गेली, एवढे प्रत्येकाने बोटांवर मोजून पाहावे. त्यासाठी पेट्रोलच्या दोन टाक्यांहून जास्त खर्च नाही.

मोसंबी वाटायला मी जेठानीकडे गेले. तिने सगळी विचारपूस केली. उठताना तिने दाराकडे एकवार पाहिले आणि हळू आवाजात विचारले, "दोनों बाजू पाँव डाल के बैठे तो डर नै लगता?"

"पहले थोडा लगता भाभी. फिर दोनों तरफ दिखता."