‘येत नाही’ असा शेरा

मुख्याध्यापकाच्या टेबलावर सर्वांत जास्त काय येत असेल, तर दुसऱ्यांनी लिहिलेले शेरे. आमच्या सीमाभागात कन्नड माध्यमातून मराठीत आणि मराठीतून कन्नडमध्ये मुलांची ये-जा चालूच असते. ‘लेखन कच्चे’, ‘गणितात गती नाही’ असे लिहिणारा जुन्या शाळेत राहतो आणि मूल तेवढे आमच्यापर्यंत पोहोचते. अशा शेऱ्यांचे काय करावे, याचा धडा मला शाळेच्या संगणक कक्षात मिळाला. एक माजी विद्यार्थी तिथल्या यंत्रांवर लिनक्स बसवून देत होता. त्याच्याशी बोलता बोलता हे सारे कळत गेले.

संगणकाचे बटण दाबले की सर्वांत आधी जागे होते ते फर्मवेअर. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत. लग्नघरात पहाटे उठून चूल पेटवणारा एखादा जाणता असतो, तसे त्याचे काम. प्रोसेसरची कोणती सोय चालू, कोणती बंद, हे ठरवून तो कारभार ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे सोपवतो. कर्नल मग ‘सीपीयूआयडी’ या आज्ञेने प्रोसेसरला विचारतो, ‘बाबा रे, तुला काय काय येते?’ आणि गंमत अशी की बायोसने बंद केलेल्या काही सोयींबद्दल प्रोसेसर, अंगात असूनही, ‘येत नाही’ असेच सांगतो!

यामागे दुष्टावा नसतो. बहुधा जुनी भीती असते. १९९६ साली आलेली विंडोज एनटी ४.० ही प्रणाली नव्या प्रोसेसरची लांबलचक उत्तरे ऐकून गोंधळे. म्हणून बायोसमध्ये एक बटण ठेवले गेले : ‘तीन क्रमांकाच्या पुढचे प्रश्न मला ठाऊक आहेत’, असे प्रोसेसरने सांगायचेच नाही. एनटी काळाआड गेली, पण काही यंत्रांत ते बटण दाबलेलेच राहिले. सासू गेली तरी तिने घातलेला दंडक घरात चालू राहावा, तसे.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. एएमडीच्या २००३ मधल्या ६४ बिटी प्रोसेसरांबरोबर ‘एनएक्स’ ही सोय आली. इंटेल तिला ‘एक्सडी’ म्हणते. मेमरीच्या ज्या पानावर नुसती माहिती आहे, ते पान आज्ञा म्हणून चालू द्यायचे नाही, एवढेच तिचे काम. माहितीच्या वेषात आज्ञा घुसवणाऱ्या चोराला ती दारातच अडवते. पण बायोसने ती बंद ठेवली, तर घर उघडे आणि मालकाला पत्ताही नाही. म्हणून २०१०-११ च्या सुमारास लिनक्सच्या कर्नलमध्ये दुरुस्ती आली. इंटेलचा प्रोसेसर दिसला की कर्नल सुरुवातीलाच ‘एक्सडी बंद’ ही खूण पुसतो. मग पुन्हा विचारतो. आता उत्तर येते, ‘येते की!’

हे खूण पुसून पुन्हा विचारणे मला फार भावले. आठवीला कन्नड माध्यमातून एक मुलगी आली होती, शेरा होता ‘मराठी येत नाही’. आमच्या बाईंनी तिला व्याकरण विचारलेच नाही. ‘तुझी आजी भाकरी कशी करते, सांग’, म्हणाल्या. पोरगी दहा मिनिटे थांबली नाही.

मात्र प्रत्येक बटण कर्नलच्या हाती नसते. एका यंत्रात दुसरे आभासी यंत्र चालवण्याची ‘व्हीएमएक्स’ ही इंटेलची सोय घ्या. तिच्या बटणाला कुलूप आहे. बायोसने ते उघडे सोडले असेल, तर कर्नल सोय चालू करतो आणि कुलूप स्वतः लावतो. पण बायोसने सोय बंद करूनच कुलूप लावले असेल, तर यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत कुणाचेच काही चालत नाही. अशा वेळी कर्नल नोंदीत लिहितो, ‘डिसेबल्ड बाय बायोस’.

आमच्या देणगीत आलेल्या यंत्रांवर हीच ओळ उमटली. बायोसचा पासवर्ड देणाऱ्यांच्या कचेरीतच राहिला होता. चार फोन झाले, पासवर्ड मिळाला, बायोसमध्ये शिरून सोय चालू केली आणि काम झाले. ती ओळ नसती तर आम्ही प्रोसेसरलाच नालायक ठरवून मोकळे झालो असतो.

म्हणून शिक्षकांना मी एक विनंती केली आहे. दहावीतल्या पोराची शाळा सुटते ती कधी बापाच्या कर्जापायी, कधी मुलीच्या ठरलेल्या लग्नापायी. ती कुलपे वर्गात उघडत नाहीत. पण मग शेरा लिहिताना ‘अभ्यासात गती नाही’ असे लिहू नका. कुणी बंद केले, ते लिहा. किल्ली कुणाकडे मागायची, हे निदान पुढच्याला कळेल.