आंधळगावचा कोसा आणि धनबादचा कोळसा

भंडारा रोड म्हणजे वरठीचे स्टेशन. तिथे उतरून मोहाडीमार्गे आंधळगाव गाठले. पुतणीच्या लग्नाला कोशाची साडी हवी होती आणि ती मागावरूनच उचलावी, अशी घरची आज्ञा होती. (ही आज्ञा मोडून पाहण्याचे धाडस आमच्यात नाही.)

ओसरीवर बसलो. आत मागाची खटखट चालू होती. भाव काही ठरेना, कारण विणकरीणबाईंचे लक्ष साडीत नव्हतेच. धाकट्याला धनबादकडे मुनीडीहच्या खाणीत नोकरी लागली होती. मी कामठी पट्ट्यातल्या कोळशात हयात काढली, हे कळताच त्या पुढे सरकल्या.

"भाऊ, तिथं म्हणे कोळसाच फुटून अंगावर येते. खरं का जी?"

खोटे सांगून भागले असते. आमच्या कामठीकडच्या खाणी बहुतेक पहिल्या दर्जाच्या. टन कोळशामागे फार तर एक घनमीटर वायू. मुनीडीह तिसऱ्या दर्जाची, म्हणजे दहाच्याही वर.

मी समोरची साडी उचलली. कोळसा दिसतो घट्ट, पण आतून तो अतिसूक्ष्म पोकळ्यांनी भरलेला असतो. एका ग्रॅममध्ये अशा पंधरा-वीस साड्यांएवढे अंग घडी होऊन बसलेले असू शकते! त्या घडीघडीला मिथेन चिकटलेला असतो. वर शेकडो मीटर खडकाचा भार आणि आत कोंडलेला वायू. भार आहे तोवर सारे शांत.

"सोड्याच्या बाटलीसारखं?" पोरगा म्हणाला.

निम्मे बरोबर. नुसता वायू हळूहळू झिरपून जातो. पण कोळसा कापायची भिंत, म्हणजे फेस, पुढे सरकली, की समोरच्या कोळशावरचा ताण बदलतो. एखाद्या भ्रंशाजवळ तो आधीच चुरगळलेला असला, तर क्षणात त्याचा भुगा होतो, सगळ्या घड्या एकदम उलगडतात आणि सुटलेला वायू तो भुगा बंदुकीसारखा बोगद्यात फेकतो. फ्रान्समध्ये इसाक खाणीत 1834 सालीच हे नोंदले गेले. 1969 साली दोन्येत्स्क प्रदेशातल्या गागारिन खाणीत एका स्फोटात सुमारे 14,000 टन कोळसा बाहेर आला. जपानच्या युबारीत 1981 साली 93 माणसे गेली. नंतरचा धोका वेगळाच: वायूने श्वास कोंडतो, आणि हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झाला की एक ठिणगी पुरे.

मागाची खटखट थांबली होती.

"उपाय?" पोराने विचारले.

फेसच्या पुढे आधीच लांब भोके पाडून वायू काढून घ्यायचा. शक्य तिथे शेजारचा कमी धोक्याचा थर आधी काढून भार हलका करायचा. आणि कान उघडे ठेवायचे. कोळसा कडकडू लागला, भिंत फुगली, भोकातून भुगा उडू लागला, की मागे फिरायचे.

"सरदाराला विचारून?"

"आधी फिरायचं, मग विचारायचं!"

माझा आवाज जरा चढला असावा. एकदा छत बोलू लागले, तेव्हा मी विचारायला गेलो होतो. परतलो तोवर माझा जोडीदार खाली सापडला होता. तिथे वायूचा संबंध नव्हता, साधे छत पडले. पण हे मी ओसरीवर सांगितले नाही. पोराला बाहेर वडाखाली नेऊन सांगितले.

परत आलो तेव्हा साडी कागदात बांधून तयार होती. भाव मी म्हटला तोच. पैसे मोजून घेताना बाईंनी मान वर न करता विचारले,

"ते भोकं आधी पाडतेतच ना जी?"

"पाडायची असतात," मी म्हणालो.