बारा डिस्कांची बॅग

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार
आज कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह या डिस्क गोल्फ मैदानावर अठरा होल खेळले आणि प्रत्येक फेकीनंतर खिशातल्या वहीत रेघ मारली. कुठली डिस्क फेकली, एवढंच. दोन महिने उजवा खांदा रात्री ठणकतोय. दोष फेकण्याचा की पाठीवरच्या बॅगेचा, याचा छडा लावायचाच होता.

घरी येऊन रेघा मोजल्या. फेकी ६३. बास्केटजवळ वापरायचा पटर २७ वेळा, लांबून फेकायचा दुसरा पटर १३ वेळा, मध्यम अंतराची मिडरेंज १४, लांब पल्ल्याची फेअरवे ड्रायव्हर ७. जमिनीवरून चाकासारखी घरंगळत न्यायची ती झिजलेली डिस्क २ वेळा. म्हणजे पाच डिस्क. बॅगेत होत्या १९. बाकीच्या चौदा नुसत्या डोंगर चढून-उतरून आल्या.

मग बॅग वजनकाट्यावर ठेवली. ७.८ किलो! डिस्क ३.३, रिकामी बॅग १.६, पाणी २ लिटर म्हणजे २ किलो, आणि टॉवेल, जाकीट, खाऊ मिळून ९०० ग्रॅम. शिवाय ही बॅग नुसती पाठीवर असत नाही. प्रत्येक फेकीला खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. आज साठएक वेळा वाकले असेन.

६ ऑक्टोबर, रविवार
एकोणीस डिस्क जमल्या कशा, हे आज जेवणाच्या टेबलावर सगळ्या मांडून पाहिलं. प्रत्येकीचं कारण आठवलं. एक समोरच्या वाऱ्यासाठी, एक पाठीमागच्या वाऱ्यासाठी, एक डावीकडे ठाम वळणारी. तीन तर एकाच साच्यातल्या: नवी, अर्धी जुनी आणि पार झिजलेली. याला अर्थ आहे. झाडांवर आपटून कडा झिजली की तीच डिस्क माझ्या हातून उजवीकडे झुकायला लागते, म्हणजे वापराने ती वेगळी डिस्कच होते.

गोल्फमध्ये १४ क्लबांची मर्यादा आहे. आमच्या खेळात डिस्कांना मर्यादाच नाही, खांद्यालाच काय ती ठरवावी लागते. मोठ्या स्पर्धांतले खेळाडू वीस-पंचवीस बाळगतात, कारण एखादी पाण्यात गेली तर तिची जुळी हाताशी लागते. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या बॅगा कॅडी उचलतात किंवा ढकलगाडीवर असतात. त्यांच्याकडे बघून मी बॅग घेतली. ते कुठे खेळतात आणि मी कुठे, हा विचार तेव्हा केला नव्हता.

ओक ग्रोव्ह १९७५ सालचं आहे, जगातलं पहिलं कायमचं डिस्क गोल्फ मैदान. फ्रिस्बीचं उड्डाण सुधारणाऱ्या एड हेड्रिक यांनी ते आखलं. तेव्हा साखळ्यांच्या बास्केट नव्हत्या, नुसत्या खांबांवर नेम धरत. आजच्या सुसाट ड्रायव्हर तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हत्या. त्यामुळे इथली बरीच होल आखूड, ओक वृक्षांच्या खोडांतून वाट काढत जाणारी. इथे लांबी नाही, सरळ रेघ लागते. माझी वहीसुद्धा तेच सांगते.

८ ऑक्टोबर, मंगळवार
आईशी फोनवर खांद्याचं बोलले. तिने आजोबांच्या पडशीची आठवण काढली. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत ती त्यांच्या एकाच खांद्यावर असायची, अर्धं ओझं पोटावर, अर्धं पाठीवर. आई म्हणाली, "अगं, निघायच्या आदल्या रात्री ते पडशी खांद्यावर टाकून अंगणात चार फेऱ्या मारायचे. एका बाजूला ओढ लागली की काहीतरी काढून ठेवायचे." फोन ठेवल्यावर मी बॅग चढवून अंगणात चार फेऱ्या मारल्या. पाण्याच्या दोन्ही बाटल्या उजव्या कप्प्यात होत्या. आजवर हे लक्षातच आलं नव्हतं.

९ ऑक्टोबर, बुधवार
शनिवारी माझ्याबरोबर खेळणाऱ्या मैत्रिणीची लहान बॅग मागून आणली. आठ डिस्क, एक पट्टा. अर्धी रजा काढून दुपारी एकटीच खेळले.

पहिली पाच-सहा होल पिसासारखी गेली. निवडायला फारसं काही नसल्यामुळे हात पटकन बॅगेत जात होता, आणि फेकताना मनात शंका नव्हती. डिस्कांची संख्या कमी केली की खेळ बिघडेल, ही भीती सहाव्या होलपर्यंत संपली होती.

पण बॅगेत पाण्याची जेमतेम अर्ध्या लिटरची बाटली बसते. ऊन कडक होतं, बाराव्या होलला पाणी संपलं. पट्टा सतत घसरत होता, म्हणून मी नकळत उजवा खांदा उचलून चालत होते. संध्याकाळी दुखला तो नेमका तिथेच, मानेजवळ. आठ डिस्क म्हणजे दीड किलोसुद्धा नाही, तरी दुखला! लहान बॅग घेतली की झालं, असं समजत होते. आता एवढं नक्की: पट्टे दोन हवेत, बाटल्यांचे कप्पे दोन्ही बाजूंना हवेत, डिस्क बारापर्यंत.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा
सकाळी पूजेत माझा पटर आणि मिडरेंज ठेवले, नवऱ्याची करवत आणि पाने यांच्या शेजारी. आपटा इथे कुठून आणणार? पण आमच्या रस्त्यावर कांचनाची दोन झाडं आहेत, ती आपट्याच्याच कुळातली. त्याची पानं वाहिली.

मग मुहूर्ताला नवी बॅग घ्यायला दुकानात गेले, बारा डिस्क बरोबर घेऊन. बॅगेच्या चिठ्ठीवर 'बारा डिस्क' लिहिलेलं असलं तरी त्या कुठल्या बारा, हे लिहिलेलं नसतं. पटर उंच असतो, ड्रायव्हर बसकी, त्यामुळे एकाच कप्प्यात कमी-जास्त मावतात. पहिल्या बॅगेत माझ्या बारा इतक्या घट्ट बसल्या की एक ओढताना शेजारची वर आली. दुसरी ऐसपैस होती, पण त्यात डिस्क आडव्या कलंडत होत्या. तिसरीत ताटाळ्यातल्या ताटांसारख्या उभ्या राहिल्या आणि दोन बोटांनी हवी ती निघाली. पाण्याच्या भरलेल्या बाटल्याही नेल्या होत्या, त्या लावल्या. बॅग दहा वेळा खाली ठेवली, दहा वेळा उचलली. ती एकदाही पडली नाही. तीच घेतली. तिथल्या मुलाने न कंटाळता थांबू दिलं, त्याचं मला फार बरं वाटलं.

रात्री एकोणीसमधून निवड. दहा सहज ठरल्या. अकरावी म्हणून मी माझी पहिली डिस्क घेतली, कडा दातांनी चावल्यासारखी झालेली ती मिडरेंज. तिचा उपयोग महिन्यातून एकदा. तरी घेतली, १७० ग्रॅम मला जड नाहीत. नवरा म्हणाला, "बारावी?" ती जागा मोकळी ठेवली. बाकीच्या कपाटात. सांताक्रूझला डेलाव्हिआगा मैदानाच्या टेकड्यांवर जाऊ तेव्हा मोठी बॅग पुन्हा काढेन. ती विकायची नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार
नवी बॅग, अकरा डिस्क, दोन बाटल्या दोन बाजूंना. घरून निघताना वजन ५.३ किलो.

सातव्या होलला ओकच्या वाळक्या पानांत माझी डिस्क शोधताना दुसऱ्याच कुणाची सापडली, निळी. खालच्या बाजूला मार्करने फोन नंबर लिहिलेला, अर्धवट पुसलेला, पण लागला. पलीकडे एक शाळकरी मुलगा होता. उन्हाळ्यात हरवली होती म्हणे, त्याची एकुलती एक ड्रायव्हर. वाहनतळावर आईबरोबर तासाभरात येतो म्हणाला.

निळी डिस्क बाराव्या जागेत ठेवली आणि उरलेली होल खेळायला निघाले.