ओल उतरण्याआधी

हस्ताचा पाऊस सरला की मोताळ्याच्या शिवारात ओल खाली उतरू लागते. राजूर घाटाच्या पायथ्याची काळी जमीन पाणी धरून ठेवते खरी. पण आश्विनाचे ऊन तिचा वरचा थर वाळवते, आणि एकदा भेगा पडल्या की त्यांतून खालचीही ओल उडून जाते. थंड देशांत भाजीला या दिवसांत हिमाचा धाक असतो. घाटाखाली तो आटत्या विहिरीचा. एकीकडे कापसाची वेचणी, दुसरीकडे हरभऱ्याची पेरणी. त्यातून भाजीच्या वाट्याला येतात चार-पाच गुंठे.

तेवढ्यात हंगाम लांबवायचा तर सगळे वाफे दिवाळीतच पेरून मोकळे होऊ नये. मेथी महिन्याभरात निघते, कोथिंबीर साधारण दीड महिन्यात. दर आठ-दहा दिवसांनी एकच वाफा पेरला, तर एक उपटून होईतो दुसरा हिरवा झालेला असतो. धणे अख्खे टाकत नाहीत. चपलेखाली हलकेच रगडतात, मग प्रत्येकाचे दोन दाणे सुटे होतात. पेरल्यावर वाफ्यावर ओले बारदान पसरतात आणि पहिले कोंब दिसताच, तेही संध्याकाळी, उचलतात.

याच दिवसांत सोयाबीनची मळणी होते आणि बांधावर कुटाराचा ढीग पडतो. तो पेटवून देणे म्हणजे हातची ओल जाळणे. चार बोटे जाडीचे कुटार वांग्या-टोमॅटोच्या बुडाशी अंथरले, की पाण्याची एखादी पाळी सहज लांबते आणि तणही दबते. पावसाळी वांग्याचे थकलेले झाड उपटायची घाई करू नये. झाड निरोगी असेल तर वीतभर खोड राखून छाटावे, शेणखत देऊन पाणी सोडावे. नवी फूट येते. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणाऱ्या घरांत चंपाषष्ठीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो. पुढे थंडीभर रानात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात. सालीचा तो करपट वास ज्याने घेतला, त्याला या छाटणीचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

पौषात रात्री गारठतात. टोमॅटोची फुले गळतात, भेंडीचे बी मातीत तसेच पडून राहते. गारठ्याच्या संध्याकाळी हलके पाणी दिले तर ओली माती दिवसाची ऊब रात्रभर सोडत राहते. बांबूच्या कमानींवर पांढरे क्रॉप कव्हर टाकले की रोपे आणखी सुरक्षित. फुले लागली की मात्र ते दिवसा काढावे, मधमाश्यांना वाट हवी. दोडका-काकडीची रोपे याच आडोशाला पिशव्यांत वाढवून माघात लावली, तर फळ उन्हाळ्याच्या तोंडाशी हाती येते.

एवढे सगळे करूनही पाणी मोजकेच असते. म्हणून मार्गशीर्षात एकदा दोर सोडून विहिरीचे पाणी मोजावे, आणि मगच पुढचा वाफा पेरावा.