सत्तर पानं

भाचीचा फोन आला. "मामा, लागला निकाल. नर्सिंग पास झाली मी." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही, डोळे भरून आले होते.

लहानपणी दर मे महिन्यात ती ताईच्या मांडीला टेकून तेंदूची पानं मोजायची. सत्तर पानांचं एक पुडकं. एखादं पान फाटकं निघालं तर बाजूला काढायची. आकडे ती तिथेच शिकली. मे २०१८ मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली पाच आदिवासी मुलं एव्हरेस्टवर पोचली, तेव्हा ही नववीत जाणार होती. पेपरातला त्यांचा फोटो तिने पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. खळ भाताची. वसतिगृहातही ती पेटी सोबत होती.

आता म्हणते, नोकरी भामरागडकडेच हवी. पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो, तेव्हा बाळंतिणीजवळ कुणीतरी असायला हवं. किती अभिमान वाटला, काय सांगू!

ताई अंगणात पानं रचत होती. तिला सांगितलं. हातातलं पुडकं तिने आधी नीट बांधलं, खाली ठेवलं, आणि मग पदर डोळ्यांना लावला.